कंट्रोलची झाडं

महादेवीच्या प्रबंधाचा पाचवा अध्याय उदगीरला, तिच्या वडिलांच्या अंगणात तयार झाला. आधीचे चार नांदेडच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशांमध्ये झाले होते. तुरीच्या पानातून शर्टाच्या गुंडीएवढ्या चकत्या कापायच्या, पाण्यावर तरंगत ठेवायच्या, काही बशांत स्पर्मिडीन घालायचं आणि कोणती चकती किती दिवसांनी पिवळी पडते ते बघत बसायचं. नोकरी सांभाळून तिने सात वर्षं हे केलं.

पान काही थकून पिवळं पडत नाही. त्यातल्या पेशी आपल्याआपण मरायला लागतात, ठरलेल्या क्रमाने, आतून आलेल्या हुकमाने. स्पर्मिडीन हे त्या हुकमाच्या आसपास वावरणारं एक पॉलिअमाइन, प्रत्येक जिवंत पेशीत असणारं. ते पुरेसं असलं की मरण लांबतं. पण पेशीने तेच मोडायला घेतलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, आणि मग तेच मरणाची खूण ठरतं. कधी ते जगवतं आणि कधी मारतं, याचं उत्तर महादेवीला हवं होतं. बशीतल्या चकत्यांत ते जगवत होतं, पण तेवढं तिच्याआधी दहाजणांनी छापून ठेवलं होतं. खरा प्रश्न पाण्यावाचून उभ्या असलेल्या झाडाचा होता.

त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, पाण्यावाचून उभं झाड शोधायला लांब जावं लागत नव्हतं. जानेवारीतच विभागाच्या काचघराचं पाणी तोडलं गेलं होतं. महादेवीने मार्चच्या बारा तारखेला, एका शनिवारी, चोवीस रोपं टेम्पोत घातली आणि कंधारच्या रस्त्याने उदगीरला आणली.

तिचे अप्पा, गुरुपादप्पा, बहात्तर वर्षांचे. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ते एकटेच राहत. तेहतीस वर्षं त्यांनी गावात कंट्रोलचं दुकान चालवलं होतं. सरकारी कागदावर त्याला रास्त भाव दुकान म्हणत, पण कार्ड घेऊन येणारं माणूस कंट्रोलवरच यायचं, कंट्रोलचीच साखर न्यायचं, आणि महादेवी शाळेत कंट्रोलवाल्याची पोर होती. दुकान सोडून दहा वर्षं झाली तरी लोक त्यांना कंट्रोलवाले अप्पाच म्हणत. उदगीर जिल्हा होणार, अशी आवई गावात दर दोन-चार महिन्यांनी उठायची. कुणी ती सांगितली की ते म्हणत, "मी बीदर जिल्ह्यात जन्मलो, उस्मानाबाद जिल्ह्यात लग्न केलं, लातूर जिल्ह्यात म्हातारा झालो. घर तेच हाय. मी हललो न्हाई, जिल्हेच हलून राहिलेत."

तेलाचे पंधरा किलोचे चोवीस डबे त्यांनीच मिळवून ठेवले होते. दोन ओळींत ते मांडून झाल्यावर महादेवीने त्यांना काम समजावलं. दर चौथ्या दिवशी प्रत्येक डब्याला दोनशे मिली पाणी, या मापाने, कमी नाही की जास्त नाही. उजव्या ओळीच्या पानांवर आठवड्यातून दोनदा ही बाटली फवारायची. बाटलीत काय आहे, हे त्यांनी विचारलं. तिने पॉलिअमाइनांची गोष्ट सांगितली. त्यातल्या एकाचं नाव प्युट्रेसिन, कारण ते पहिल्यांदा सडलेल्या मांसात सापडलं, आणि दुसऱ्याचं नाव तर प्रेतावरूनच पडलेलं.

"तुमच्या सायन्सवाल्यांना बारसं करता येत न्हाई," अप्पा म्हणाले.

मग पान मरतं कसं, ते तिने सांगितलं. मरायच्या आधी पान आपल्यातलं कामाचं सगळं मोडून शेंगांकडे पाठवून देतं, मगच पिवळं होतं. हे अप्पांना लगेच पटलं. दुकान रद्द झालं की उरलेला माल आधी तहसीलला जमा करावा लागतो आणि मगच कुलूप, असं ते म्हणाले. बाहेरच्यांना इतक्या थोडक्यात आपल्याला कधी सांगता आलं नाही, असं महादेवीच्या मनात येऊन गेलं.

"आणि ही डावी ओळ?"

"ती कंट्रोल. त्यांना औषध नाही, अप्पा. नुसतं पाणी."

"कंट्रोल." अप्पांनी शब्द तोंडात घोळवला. "कंट्रोलला नुसतं पाणी. हाव, बरंय."

दोघंही हसले. कंट्रोलवाल्याच्या पोरीच्या प्रयोगातही कंट्रोल निघावा, एवढाच तो विनोद आहे असं तिला वाटलं. वर्गात ती मुलांना नियंत्रण गट असं सांगायची. ज्याला काहीच करायचं नाही, तो ठेवल्याशिवाय दुसऱ्याला केलेल्याचा अर्थ लागत नाही, हे वाक्य तिचं पाठ होतं. त्या दुपारी तिने ते म्हटलं नाही. बस चारची होती.

पंधरा दिवसांनी ती पानं न्यायला आली, तेव्हा प्रत्येक डब्याला सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. अप्पांनी जुनी, बाद झालेली रेशनकार्डं कापली होती. औषधाच्या ओळीला केशरी तुकडे, कंट्रोलच्या ओळीला पिवळे. महादेवीने फोटो काढला आणि विभागात सगळ्यांना दाखवला. यापेक्षा पक्कं लेबल कुणी लावलं नसेल, म्हणून लोक हसले.

एप्रिल तापला. लातूरला रेल्वेने पाणी आलं. उदगीरला त्या गल्लीत टँकर दहा-बारा दिवसांनी यायचा आणि घरटी मोजून घागरी मिळायच्या. अप्पांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. एक मूत्रपिंड तेव्हाच निकामी झालं होतं आणि डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला बजावलं होतं. महादेवी रोज सातला फोन करायची. तिचे प्रश्न दोनच असत. पाणी पिताय ना, हा एक. ते म्हणत, पितोय. कंट्रोलला पाणी दिलं का, हा दुसरा. त्यावर ते थोडे दुखावल्यासारखे होत. "कंट्रोल मी कधी बंद ठेवला का, मादेवी? दंगल झाली तवाबी उघडा होता."

ती थर्मासमध्ये बर्फावर पानं घेऊन नांदेडला परतायची. निळ्या रंगात पान बुडवलं की मेलेल्या पेशी रंग आत घेतात, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाहीत. चोवीस एप्रिलची पानं बघितली, तेव्हा तिने तीन वेळा काचपट्टी बदलली. औषधाच्या ओळीतली पानं जागोजाग निळी होती. कंट्रोलची जवळजवळ स्वच्छ. पेरॉक्साइडची तपासणीही तेच सांगत होती. दुष्काळात उभ्या झाडात स्पर्मिडीन जगवत नव्हतं, मारत होतं, आणि चांगल्या फरकाने मारत होतं.

तिचे मार्गदर्शक, डॉ. श्रीमंत टेकाळे, सहसा कशाने हरखून जाणारे नव्हते. ते सूक्ष्मदर्शकावरून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन पुन्हा बसले. मग म्हणाले की हा अध्याय बाकीच्या चारांना ओढून नेईल. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि तीस जूनला ती कायमची संपत होती. महादेवीने दोन आठवड्यांत अध्याय लिहून काढला. आठ मेची शेवटची पानंही त्याच बाजूने बोलली. त्या रविवारी अप्पा खाटेवर बसून होते, उठले नाहीत. ऊन लागलंय, म्हणाले. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि बर्फ वितळू नये म्हणून थर्मास सावलीत सरकवला.

बारा तारखेला शेजारच्या नागम्माचा फोन आला, अप्पांना लातूरला हलवलंय म्हणून. लातूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं, पाणी किती प्यायचे. महादेवीने ठामपणे सांगितलं की भरपूर प्यायचे, ती रोज विचारायची. त्याने कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. चौथ्या दिवशी सकाळी अप्पा गेले.

त्यांना उदगीरला आणलं. अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक घराने न मागता एकेक कळशी आणून ओट्यावर ठेवली. कुठल्या घराला ती किती जड गेली, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळत होतं, आणि महादेवी कळशांकडे बघू शकली नाही. जमीन इतकी कडक झाली होती की खड्ड्यासाठी यंत्र आणावं लागलं. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसतं ठेवलं, हातात लिंग दिलं, भोवती विभूती आणि मीठ भरलं. परत येताना दोन माणसं मागे हळू आवाजात जिल्ह्याचं बोलत होती, यंदा नक्की होतो म्हणून.

पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर नागम्मा अंगणात भांडी घासत बसली होती. साठीची, सीमेपलीकडच्या गावची, तोंडाने फटकळ. पाणी वाचवायचं म्हणून ती भांडी कोरड्या राखेने घासून फडक्याने पुसत होती. महादेवी तिच्याजवळ जाऊन बसली, काहीतरी हाताला हवं म्हणून. नागम्माने पितळेचा एक तांब्या उचलला आणि तो न घासता बाजूला ठेवला.

"ह्यो तुझ्या झाडाचा तांब्या. ह्याला राख लावू का नको, अक्का?"

कोणता झाडाचा तांब्या, महादेवीने विचारलं.

"असं काय करते गं. रोज सांजच्याला देत होता की म्हातारा. दोन तांबे पिण्याचं काढून ठेवायचा, त्यातला एक स्वतःला, एक ह्या पिवळ्या कार्डवाल्यांना. मी म्हणलं, अप्पा, तुमी प्या आधी. तर मलाच म्हणतो, त्यांना औषध हाय, ह्यांना काय हाय? पोरीनं सांगितलंय, कंट्रोलला नुसतं पाणी. आता पाणीच तेवढं, तर ते तरी बरोबर पोचाया पायजे. लई भांडले मी. म्हणला, दुकानदाराला इचारू नको."

 नागम्माला वाटलं, महादेवी रडेल, म्हणून ती पदराने हात पुसून तयार राहिली. पण महादेवी उठून डब्यांकडे गेली.

डब्यांच्या आतल्या कडेला टँकरच्या जड पाण्याचा पांढरा थर धरला होता. केशरी तुकड्यांच्या डब्यांना तो रेघेएवढा होता. पिवळ्यांना बोटभर रुंद. तिने एक केशरी डबा कलंडवून पाहिला आणि एक पिवळा. पिवळ्याच्या तळाला भोकातून मुळं बाहेर आली होती आणि पत्रा गंजला होता. हे सगळं आठ तारखेलाही असंच असणार. त्या दिवशी ती पानांकडे बघत होती.

पिवळं कार्ड म्हणजे काय, हे तिला अप्पांच्या दुकानात बघून माहीत होतं. माल आला की पिवळ्या कार्डाचा आधी सोडायचा, तो कमी पडला तर केशरीवाल्यांना थांबायला सांगायचं, आणि कुणी पिवळ्याचा माल फिरवला तर अप्पा त्याच्याशी जन्माचं बोलणं टाकत. ती पुठ्ठ्याची लेबलं नव्हती. ज्यांना दुसरं काहीच मिळत नाही त्यांची यादी अप्पांनी केली होती, आणि तिने तिचा फोटो काढून हसण्यावारी नेला होता.

दोन दिवसांनी तिने लातूरच्या डॉक्टरला फोन केला. रोज एक तांब्या कमी प्यायल्याने असं होतं का, हे तिला नेमकं हवं होतं. तो सभ्यपणे म्हणाला की ऊन होतं, वय होतं, एकच मूत्रपिंड होतं आणि पाणीही होतंच. "एका पेशंटवरून असं सांगता नाही येत, मॅडम." त्याचं बरोबर होतं. तिनेही विद्यार्थ्याला हेच सांगितलं असतं. एकाला एक तांब्या, एकाला दोन, असे दोन अप्पा असते तर कळलं असतं.

नांदेडला टेकाळेसरांनी सगळं ऐकून घेतलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत होते. वडिलांचं वाईट वाटल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. मग ते म्हणाले की शेजारणीचं बोलणं नोंदवहीत येत नसतं. नोंदवहीत दोनशे मिली, दर चौथ्या दिवशी, असं आहे, आणि ते दोनशे मिली दिलेच गेले आहेत. निकाल चुकीचाच आहे असंही कुणी म्हणू शकत नाही. कदाचित स्पर्मिडीनने खरंच मारलं असेल.

"कदाचित," महादेवी म्हणाली. "पण मला ते माहीत नाही, सर."

"पाचवा काढलात तर उरलेल्या चारांत नवीन काही नाही. परीक्षक परत पाठवतील. पुढच्या वर्षीचा दुष्काळ तुमच्या नोंदणीला चालणार नाही."

"डब्यांवर क्षार बसलाय. कंट्रोलच्या डब्यांवर जास्त."

"डबे कोण बघायला येणार आहे?"

 टेकाळेंना आपलंच वाक्य ऐकू गेलं असावं. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. थोड्या वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाले, "जादा पाणी गेलं असं नुसतं लिहून भागणार नाही. किती गेलं? आकडा लागेल."

तो आकडा आणायला ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उदगीरला गेली. बरोबर विभागाचं काचेचं मोजपात्र साडीत गुंडाळून नेलं. घर बंद होतं. नागम्मा दर चौथ्या दिवशी पाणी घालत होती. तिला तिच्या परीने जे पुरत होतं ते, आणि कुठल्या ओळीला किती हे महादेवीने विचारलं नाही. औषधाच्या ओळीतली नऊ रोपं मेली होती. कंट्रोलची बाराही उभी होती, खालची पानं तेवढी पिवळी पडायला लागली होती.

तिने नागम्माच्या घागरीतून तांब्या काठोकाठ भरून मागून घेतला. काठोकाठ का, तर अप्पांचं माप तसंच असायचं. काट्यावर माल टाकताना ते वर अजून मूठभर टाकत. ओट्यावर बसून तिने तांब्या मोजपात्रात थोडा थोडा ओतला आणि डोळा रेघेच्या पातळीत आणून वाचला. आठशे चाळीस मिली. बारा झाडांना, दर दिवशी, दर झाडी सत्तर. बारा मार्चपासून अकरा मेपर्यंत एकसष्ट दिवस. तिने ठरवून दिलेलं पाणी दिवसाला पन्नास पडत होतं. कंट्रोलला त्याच्या दुपटीहून जास्त मिळालं होतं. एवढ्या फरकाने पानं हिरवी का राहिली, हे सांगायला पॉलिअमाइनची गरजच नव्हती.

आणि रोज तेवढेच आठशे चाळीस त्यांनी स्वतःला ठेवले होते. हा आकडा मागितला नव्हता. तो आपोआप समोर आला.

प्रबंध इंग्रजीत होता, पण अवघड वाक्यं ती आधी मराठीत लिहायची. वहीत तिने लिहिलं: नियंत्रण गटातील प्रत्येक झाडाला प्रयोगकाळात रोज अंदाजे सत्तर मिली जादा पाणी मिळाले. त्यामुळे दोन गटांची तुलना करता येत नाही. पुढे पद्धतीप्रमाणे पाण्याचा स्रोत लिहायचा होता. टँकर, असं तिने लिहिलं आणि खोडलं. औषधाच्या ओळीचंही पाणी टँकरचंच होतं.  समोर नागम्मा भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती.

शेवटी तिने लिहिलं: झाडांची देखभाल करणाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यातून. त्याखाली अध्यायाचा निष्कर्ष आधी दोन पानांचा होता. आता तिथे एकच ओळ आली. दुष्काळातील झाडात स्पर्मिडीन पेशींचे मरण लांबवते की जवळ आणते, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.

वही मिटून तिने मोजपात्र उचललं. पाणी परत घागरीत ओतावं, असं क्षणभर वाटलं, नागम्माकडेही फार नव्हतं. मग ती पहिल्या डब्यापाशी वाकली. आठशे चाळीस भागिले चोवीस, पस्तीस. तिने प्रत्येक डब्यात पस्तीस मिली मोजून घातलं, पिवळ्यात आणि केशरीत, मेलेल्या नऊ रोपांनाही.

"अक्का, ती मेलीत की," नागम्मा म्हणाली.

महादेवीने मान हलवली आणि ती पुढच्या डब्याकडे सरकली.